ओहोटी नसलेली नदी

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. ऑगस्टातली अमावास्या, वरून पाऊस आणि खालून खाडी. बोरिवलीच्या गोराई भागात, खाडीच्या अलीकडे, तळमजल्यावर आमची एक खोली होती. भरतीच्या वेळी नाल्याचं पाणी खाडीत शिरायचं नाही, माघारी फिरायचं आणि सरळ आमच्या उंबऱ्यावर यायचं. विमान रात्रीचं होतं. माझा धाकटा भाऊ नंदू सकाळपासून नुसता कावला होता. "ताई, आत्ताच निघूया ना. नंतर रिक्षा नाही मिळाली तर वाट लागेल."

बाबा मात्र ढिम्म. त्यांनी माझ्या दोन्ही बॅगा लोखंडी खाटेवर चढवल्या, बॅगांच्या शेजारी मला बसवलं आणि स्वतःही पाय वर घेऊन बसले. "सामान खाटेर चढव आणि बस. ओहोटी लागली की उतरतलां." बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडली, लालबाग सुटलं, पण बोलणं काही सुटलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली, हा त्यांचा हिशोब. त्यावर आमचं अख्खं घर चालायचं. आईच्या उडदाच्या पापडांचं वाळवणसुद्धा.

तर आम्ही बसलो. मी नवी जीन्स पोटरीपर्यंत दुमडून, चहात खारी बुडवत, अमेरिकेला जायला निघालेली बाई म्हणून त्या खाटेवर बसले होते. दुपार कलली आणि पाणी निघालं. आल्या वाटेनं, काही झालंच नाही अशा थाटात. आईनं फिनेल टाकून फरशी पुसली, नंदूनं रिक्षा आणली. विमानतळावर बाबांनी मला जवळ घेतलं नाही, त्यांना ते जमत नाही. फक्त म्हणाले, "थंय गेल्यार पयलां पाणी बघ. खंयसून येतां आणि खंय जातां."

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघ म्हणे! मी हसले. म्हटलं, बाबा, अमेरिकेत नळाला चोवीस तास पाणी असतं. ते नळाबद्दल बोलत नव्हते, हे कळायला मला मार्च उजाडावा लागला.

तुम्ही बोरिवलीचे लोक मला नेहमी विचारता, तू अमेरिकेत म्हणजे नक्की कुठे. न्यू जर्सी का? नाही बाबांनो, न्यू जर्सीत असते तर इथे रडगाणं कशाला गायलं असतं. मी असते उत्तर डकोटात, वर कॅनडाला टेकलेल्या सपाट मुलखात. सपाट म्हणजे पोळपाट. गाडी घेऊन तासभर जा, एक चढ लागला तर शपथ. माझा नवरा अविनाश ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्रांची सॉफ्टवेअर लिहितो, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आमच्या घरामागून रेड रिव्हर जाते. बाबा तिला तांबडी न्हंय म्हणतात. दिसायला ती मळकट, नाल्याची थोरली बहीण. पण घर घेतलं तेव्हा मला तेवढंच पुरलं होतं. मागच्या दारी पाणी आहे ना, मग झकास.

ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. इथे सगळी मेख आहे. मार्चमध्ये दक्षिणेचा बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी वर निघतं. वर अजून नदी गोठलेली. पाणी जाऊन त्या बर्फावर आपटतं, अडतं आणि मग पोळपाटावर सांडल्यासारखं चहूकडे पसरतं. खाली जमीन हात-दोन हात दगडासारखी गोठलेली, ती थेंबभर पाणी पीत नाही. आपल्याकडे पाणी येतं ते ढोल वाजवत येतं. काळोख, विजा, छपरावर ताशा. इथे आकाश निळंशार असतं, ऊन पडलेलं असतं, पाखरं गात असतात, आणि नदी मुकाट्यानं अंगणात चढत असते. नंदूला पहिल्यांदा सांगितलं तर म्हणाला, "काय यार ताई, ऊन पडलंय म्हणतेस आणि पूर येणार म्हणतेस. येडी झालीस का?" आता मार्चमध्ये सलग दोन दिवस ऊन पडलं की मी मागच्या दारी जाऊन पाणी किती चढलं ते बघून येते. ज्या उन्हासाठी सहा महिने तळमळायचं, त्यालाच भ्यायचं. दमायला होतं हो यानं.

त्या पहिल्या वसंतात रेडिओवर सारखा एक शब्द यायचा, क्रेस्ट. म्हणजे नदी सगळ्यात वर कधी चढणार तो दिवस. मी बाबांना फोनवर सांगितलं, "रविवारी भरती आहे." दुसरा कुठला शब्द मला आठवलाच नाही. बाबांनी साहजिकच विचारलं, "मगे ओहोटी कधी?"

ओहोटी कधी, हे रेडिओवर कोणी सांगत नव्हतं. शेजारचा लॉइड, जन्म या नदीकाठी काढलेला म्हातारा शेतकरी, त्याला विचारलं तर तो टोपी मागे सारून म्हणाला, "जाईल कधीतरी. पेरणीपर्यंत जाईल." पेरणी मेमध्ये! मी मात्र बोरिवलीची मुलगी. बेसमेंटमधलं सामान वर आणून पलंगावर चढवलं आणि शेजारी बसून राहिले. संध्याकाळी उतरेल, सकाळी उतरेल. अविनाश बिचारा मुलुंडचा, डोंगराच्या बाजूचा. त्याला वाटलं खाडीवाल्यांना यातलं कळत असेल, म्हणून तोही बसला. शेवटी लॉइडच दार वाजवत आला आणि आम्हाला ओढून वाळूच्या पोत्यांच्या रांगेत उभं केलं. पाणी तीन आठवडे अंगणात होतं.

बोरिवलीत इकडे बाबांनी अख्ख्या चाळीला सांगून टाकलं, की आमच्या चेडवाकडे, म्हणजे लेकीकडे, वर्षातून एकदाच भरती येते. दर मार्चला कॅलेंडर बघून ते माझ्या नदीची वेळ काढायचे. "आज सप्तमी. सवापाचाक भरती." मी कधी दुरुस्त केलं नाही. तेवढ्या आकड्यानं मलाच बरं वाटायचं.

मग आई गेली आणि एका उन्हाळ्यात नंदूनं बाबांना माझ्याकडे पाठवलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लॉइडकडून एक काठी मागून घेतली, नदीच्या अगदी कडेला रोवली आणि खुर्ची टाकून बसले. पाणी काठीच्या वर जातं की खाली, ते बघायला. दुपार झाली, चहा झाला, लॉइड येऊन शेजारी खुर्ची टाकून बसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण काठीकडे बघत दोघंही दिवसभर मजेत होते. संध्याकाळी बाबा घरात आले, पाय धुतले आणि म्हणाले, "आळशी न्हंय आसा." नदीला आळशी ठरवून ते जेवायला बसले. पण मुंबईला परत गेल्यावर इमारतीतल्या सगळ्यांना त्यांनी मागच्या अंगणाचा फोटो दाखवला. चेडवाचं नदीकाठचं घर. आमच्या कुळात स्वतःच्या मागच्या दारी वाहतं पाणी असलेली मीच पहिली.

त्यानंतर किती मार्च गेले. दर वर्षी तेच. आधी बर्फ किती साठला त्याच्या बातम्या, मग पंपाची तपासणी, मग पोती. शाळांना सुट्ट्या देतात, पोरं गाणी लावून वाळू भरतात, कोणीतरी सगळ्यांना गरम सूप वाटतं, आणि पहिली काही वर्षं मला त्यात सणासारखी गंमत वाटायची. आता अविनाशची कंबर वाकत नाही. लॉइडला जाऊन चार हिवाळे झाले, त्याचं घर त्याच्या मुलानं गावाला विकलं आणि गावानं पाडलं. तिथे आता नुसतं गवत आहे. बेसमेंटमधल्या पंपाचा आवाज थांबला की मी खडबडून जागी होते. लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, सवय नाही झाली? सवय झाली म्हणूनच तर थकले.

या हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये गावाची सभा झाली. नदीकाठानं कायमचा मातीचा बांध घालायचा ठरलाय. नकाशा पडद्यावर लावला होता. त्यात बांधाच्या एका अंगाला कोरडी बाजू आणि दुसऱ्या अंगाला ओली बाजू, असं इथले लोक म्हणतात. आमची रांग ओल्या बाजूला. सक्ती नाही, म्हणाले. घर गावाला देऊन टाका, नाहीतर बांधाच्या बाहेर, तुमचे तुम्ही राहा. मार्चअखेर कळवा.

अविनाशनं तिथल्या तिथे मान डोलावली. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाला, "शुभा, बस झालं गं आता." त्याचं चुकत नव्हतं. पण मी भांडले. दोन महिने भांडत राहिले. पोती मी एकटी भरीन म्हटलं, नवा पंप आणू म्हटलं, काय वाटेल ते म्हटलं. खरी गोष्ट वेगळीच होती. एकदा घर सोडलं ते पुरे, पुन्हा सोडणार नाही, असं मी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आणि बाबांना काय सांगू? वय झालेल्या माणसाला सांगू, की तुमच्या चेडवाचं नदीकाठचं घर पाडणार आहेत? त्यांना आता फारसं चालवत नाही. आमची खोली गेली, तिथेच टॉवर झाला, सातव्या मजल्यावर नंदूच्या घरात बाबा खिडकीशी बसून असतात. खाली खाडी दिसते. पाणी आता घरात येत नाही, त्याचं मला वाटतं त्यांना जरा वाईटच वाटतं.

परवा सकाळी फोन केला. इथे लख्ख ऊन, वळचणीला टपटप सुरू झालेली, अंगणाच्या टोकाला पोत्यांची भिंत आणि भिंतीपलीकडे नदी, माझ्या कमरेएवढी वर. बेसमेंटमधली खोकी पलंगावर आणून ठेवलेली. तिकडे संध्याकाळ होती. नंदूनं फोन बाबांच्या हातात दिला.

"भरती कधी?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी, बाबा."

"आणि ओहोटी?"

दर वर्षी मी म्हणते, लागेल हो, तुम्ही काळजी करू नका. या वेळी तोंडातून ते निघेचना. मग सगळंच सांगितलं. बांध, ओली बाजू, लॉइडचं गवत, अविनाशची कंबर. घर द्यायचं की नाही ते या आठवड्यात सांगायचंय, हेही सांगितलं. पलीकडे टीव्ही बंद झाला. मला वाटलं, फोटो दाखवत फिरणाऱ्या माणसाचा आज मी जीव घेतला.

"तिका ओहोटी नायच, नाय गो?" बाबा म्हणाले.

"नाही बाबा."

"माका तेवाच कळललां. काठयेकडे बसललंय तेवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुजा नवा घर. कसा बोलू?" मग ते खाकरले. "पण तू बसान कित्याक ऱ्हवलंस? जंय ओहोटी आसा थंयच बसूचां, बाय. नाय थंय सामान उचलूचां आणि चलूक लागूचां."

मी रडले. लाज न बाळगता, मोठ्यानं, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं. अविनाश दारात येऊन उभा राहिला, त्याला मी नुसती मान हलवून हो म्हटलं आणि त्याला काय ते कळलं. तो तिथेच दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला.

इतकी वर्षं मी एका वाक्याला धरून बसले होते. सामान वर चढव आणि बस. बाबांनी ते वाक्य गोराईच्या पाण्याबद्दल म्हटलं होतं, आणि मी ते अर्ध्या जगापलीकडे, समुद्र नसलेल्या मुलखात घेऊन आले. जे माझ्यासारखे निघून गेलेत त्यांनी आपापल्या बॅगा एकदा बघाव्यात, असलं काहीतरी तुमच्याकडेही निघेल. मला घर म्हणजे काय विचाराल तर आता एवढंच सांगता येतं, की जिथलं आलेलं पाणी परत जातं ते घर. तसं माझं एकच होतं आणि ते टॉवरखाली गेलं. बांधाच्या कोरड्या बाजूला आम्ही कुठेतरी राहू, बरे राहू. पण तिथे पाण्याकडे बघत कोणी बसणार नाही.

नाक पुसलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलटं विचारलं, "बाबा, तुमच्याकडे ओहोटी कधी?"

"आता लागली हा. आज रंगपंचमी न्हय? पावणेचाराक भरती झाली." त्यांची खुर्ची खिडकीकडे सरकल्याचा आवाज आला. "तिवरांची मुळां दिसूक लागली. चिखल दिसता. दोन बगळे इले."

"अजून?"

"अजून उतरतां हा. तू ऱ्हव, मी सांगतंय."

मी खोकी जरा बाजूला सारली, पलंगावर पाय वर घेऊन बसले, आणि बोरिवलीचं पाणी उतरताना ऐकत राहिले.