बुधूची गोरी मान

शाळेकडे एकच सिनेमा असला आणि तो दरवर्षी गॅदरिंगला दाखवला, की किस्से साचणारच. आमच्या मागच्या बाकावर इतके साचलेत, की नव्या मुलीला आधी किस्से ऐकावे लागतात, मग दप्तर ठेवायला जागा मिळते. मी फारशी बोलत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सिनेमा मुका आहे. अमरावतीत बोलपट येऊन जुने झाले, पण शाळेचं मशीन मुकंच! कुठल्याशा साहेबाची मडम विलायतेला जाताना मशीन आणि रील दोन्ही देऊन गेली. त्यात एक साहेब वाघाच्या शिकारीला जातो आणि बुधू नावाचा त्याचा हिंदुस्थानी नोकर चोऱ्या करतो, भितो, लाथा खातो. मध्येमध्ये पडद्यावर इंग्रजी वाक्यं येतात. ती मराठीत वाचून दाखवण्यासाठी आमच्या हेडबाईंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, एक वही केली आहे. मोठ्या बाई पुण्याच्या. त्या म्हणतात, "हा सिनेमा क्लासिक आहे!"

*

चंद्रकला चांदूर रेल्वे गावची, बोर्डिंगात राहते. सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंधारातच ओरडली, "बाई, या बुधूचं तोंड काळं अन् मान गोरी काहून?"

बुधूचं काम गोऱ्या नटानंच केलं होतं, तोंडाला बुटाचं पॉलिश फासून. मानेपर्यंत ते पुरलं नसावं!

"तू सिनेमा बघ, मान बघू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मान सिनेमातच हाय ना, बाई!"

*

रामजी शिपाई दाराशी उभे राहून पाहतात. तरुणपणी ते अकोल्याला खऱ्याच साहेबाच्या बंगल्यावर नोकरीला होते. आम्ही विचारलं, "रामजीकाका, साहेब इतके शूर असतात?"

"एक डाव बंगल्यात रानमांजर घुसलं. साहेब टेबलावर चढला. मी खाली, झाडू घेऊन." मग म्हणाले, "हा शिनेमा काढला कोणं?"

"साहेबांनीच."

"मंग बरोबर हाय!"

*

गेल्या वर्षी याच सिनेमावर डिबेट झाली. दाखवावा की दाखवू नये?

वकिलांची कुसुम म्हणाली, "रील जाळून टाका!"

चंद्रकला उठली. "जाळू नका. जाळलं तर उद्या म्हणतील, आमी असं कधी दाखवलंच नाई!"

मोठ्या बाईंनी समजावलं, "मुलींनो, कलेकडे कला म्हणून पाहावं."

"आमी कलेकडे पाहूनच रायलो, बाई. पण कला आमच्याकडे कशी पाहून रायली, तेही पाहा ना!"

टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं. दोन पानं लिहून आणली होती. मी उभी राहिले, पानं खालीवर केली आणि बसले.

चंद्रकला कानात म्हणाली, "छान बोलली! एकही चूक नाई!"

*

पुढचा किस्सा हसण्याचा नाही. आम्ही माळी, बडनेरा रस्त्याला आमचा फुलांचा मळा आहे. माझी धाकटी बहीण मैना घरात सगळ्यांत सावळी. गेल्या गॅदरिंगनंतर तिच्या पहिलीच्या वर्गातल्या मुली तिला 'बुधू' म्हणू लागल्या. येताजाता लाथ मारल्यासारखं करू लागल्या. एका सकाळी ती मळ्यातल्या विहिरीवर सापडली. काथ्यानं घासूनघासून गाल सोलून घेतले होते.

"ताई, पॉलिश कशानं निघते?"

यंदा गॅदरिंग जवळ आलं तशी ती शाळेत जायला नको म्हणू लागली.

*

यंदा वाचनाची वही माझ्याकडे आली. "तुला बोलायचं नाहीये, फक्त वाचायचंय," मोठ्या बाई म्हणाल्या. मी रील उजेडाला धरून वहीशी ताडून पाहिलं. लाथेच्या जागी वहीत होतं, 'बुधू जरा खोडकर होता.' रिळावर इंग्रजीत तीन ओळी होत्या! मुली मैनाला का हसत होत्या ते तेव्हा कळलं. पडदा त्यांनाही बुधूच म्हणतोय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दाखवायचा तर पुरा दाखवा!

गॅदरिंगला नागपूरच्या इन्स्पेक्ट्रेसबाई आल्या होत्या. त्यांच्यासाठी हार आमच्या मळ्यातले, म्हणून बाबांना पहिल्या ओळीत बसवलेलं. मांडीवर मैना, डोळे घट्ट मिटून.

लाथ आली. पुढच्या मुली हसायला लागल्या. मी वही मिटली आणि पडद्यावरचं इंग्रजी मराठीत वाचलं.

"या देशातले काळे लोक सगळे असेच. जन्मानं चोर, रक्तानं भित्रे. यांना लाथेचीच भाषा कळते."

हसू थांबलं. नुसती मशीनची खरखर. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"अगं, वहीत असं नाहीये!" मोठ्या बाई कुजबुजल्या.

"वहीत नाही, बाई. पडद्यावर आहे."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तेवढ्यात माझ्यापासून दोन हातांवर बसलेले बाबा मैनाला कडेवर घेऊन उभे राहिले.

"माय, पुन्हा वाच," ते मला म्हणाले. "मागच्यांना ऐकू नाई आलं."