किनुएबाईंच्या वडिलांची बुरशी

किनुएबाईंचं माहेर कोजीवाल्यांचं. कोजी म्हणजे शिजवलेल्या तांदळावर वाढवायची पांढरी बुरशी. तिच्यावाचून मिसोचं सार नाही की साकेची दारू नाही. पण दुकान बाईंच्या हाती आलं आणि बंद पडलं. ती बोच काही जाईना. त्सुकुबाच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या काचेची भांडी घासायला लागल्या, पण वडिलांची कोजी घरी दरवर्षी ताज्या भातावर जगवत आल्या.

तिथली तरुण संशोधक मिसाओ शेतात अंथरायच्या कुजणाऱ्या प्लास्टिकवर बुरश्या लावून बघत होती. बाईंनी भीतभीत आपली पुडी पुढे केली. "बघ गं, आमची खाते का ते."

कसचं काय! तीनदा लावली, तिन्ही वेळा काचेच्या थाळीत नुसता बुळबुळीत चिकटा. प्रयोगशाळेचे प्रमुख मोरिवाकी सर म्हणाले, "शुक्रवारी टाकून द्या. म्हातारी झाली ती."

बाईंनी थाळी जवळ ओढली. त्यांनी झाकण उचलून वास घेतला मात्र, आणि माहेरचा उंबरा आठवला. नात्तो, म्हणजे ते तार सुटणारं आंबवलेलं सोयाबीन, खाऊन आलेल्याला कोजीच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. त्यातले जंतू कोजीला वाढूच देत नाहीत. वडिलांनी जावयालासुद्धा दारातून परत धाडलं होतं.

"मिसाओ, सकाळी नात्तो खातेस?"

"शी! मी ओसाकाची, मावशी. मला वाससुद्धा सोसत नाही."

मग रोज सकाळी झाकणं उघडून बघतं कोण? सर! आणि सर पडले मितोचे. तिथला माणूस एकवेळ आंघोळ चुकवेल, नात्तो चुकवायचा नाही.

भांडी घासणारीनं साहेबाला असलं सांगायचं? गुरुवारी बाईंनी मनाचा हिय्या केला. "सर, रागावू नका. एक तर नात्तो सोडा, नाहीतर थाळ्यांकडे फिरकू नका."

सरांनी थाळी हुंगली आणि ते कानापर्यंत लाल झाले. "किनुएबाई, मितोच्या माणसाकडे जीवच मागताय की हो!" पण सोडलं त्यांनी.

चौथ्या खेपेला पांढरी लव धरली. बाराव्या दिवशी मिसाओनं प्लास्टिक उजेडात धरलं, तर त्याची पार चाळण झालेली. सर सगळ्यांदेखत बाईंपुढे कमरेत वाकले. "अहो, राहू द्या, राहू द्या," म्हणताना बाईंचेच डोळे भरून आले. उपकार मानायचे तरी कुणाचे, सरांचे की बाबांच्या त्या उंबऱ्याचे!

घरी वडिलांच्या फोटोपुढे त्यांनी उदबत्ती लावली.

"बाबा, दुकान मला राखता आलं नाही, माफ करा. पण तुमच्या कोजीला नोकरी लागली हो. तीही सरकारी."