शब्द, अर्थ, वाक्य

मनीषनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघर हीच अभ्यासिका होती. मी आणि धाकटा भाऊ, दोघंही बँकेच्या परीक्षेच्या मागे लागलेलो. संध्याकाळी आई पोळ्या लाटायची आणि मी त्याला इंग्रजीतले अवघड शब्द विचारायचे. नियम माझाच: आधी अर्थ मराठीत, मग स्वतः बनवलेलं इंग्रजी वाक्य. पुस्तकातलं वाक्य दिलं की मी खवळायचे.

सुरुवातीला त्याच्या वाक्यांत सगळं खानदान असायचं. 'व्होरेशस' म्हणजे खादाड. वाक्यात मामा आणि लग्नातल्या जिलब्या. आईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नसे, पण ती खूश. "पाय वं, पोट्टा कसा फाडफाड बोलून राहिला!"

मुख्य परीक्षेत तो दुसऱ्यांदा अडकला आणि वाक्यांतून मामा गेला. मग बाबा, शेजारीपाजारी. उरला तो एकटाच. 'फ्यूटाइल' म्हणजे निष्फळ: त्याचं वाचणं, त्याचं जगणं. व्याकरण मात्र बिनचूक. मी शाबासकी दिली खरी, पण ती वाक्यं मला खटकत होती. तो अर्धी पोळी ताटात टाकून उठायचा, तेही दिसत होतं.

एका संध्याकाळी मी 'रिडन्डन्ट' विचारला.

"ज्याच्याविना काही अडत नाही, ते," तो म्हणाला. मग परातीकडे पाहत, शांतपणे इंग्रजीत वाक्य: या घरात मी रिडन्डन्ट आहे, दिवाळीला मी नसलो तरी कोणाचं काही अडणार नाही.

आई हसली. "अजून एक विचार वं त्याले."

माझी पाचावर धारण बसली. "हे तू खरं बोलून राहिला?"

"इंग्रजीत बोललं का दुसऱ्याचं वाटते, ताई," तो पुटपुटला. "मराठीत मले म्हणताच येत नाही. आईले सांगू नको."

लाटणं थांबलं. "काय नको सांगू? काय म्हणला गा तू?"

तो माझ्याकडे बघत राहिला. इतकं विनवणारं तोंड मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मी त्याचं वाक्य आईला मराठीत सांगितलं. एकही शब्द न गाळता.

आईने गॅस बंद केला. पिठाच्या हातानेच त्याचं मनगट धरलं, आणि सकाळी डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत सोडलं नाही.