हिशेबाच्या मशीनचा वऱ्हाड दौरा

कापसाच्या गाठी व्हायला हंगाम लागतो. बाजारातले किस्से बारमाही साठतात. त्यातले निम्मे त्या हिशेबाच्या मशीनचे!

महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. मुंबईच्या एका कंपनीचे सेल्समन प्रधान ही मशीन घेऊन अकोला-अमरावतीत शो करत फिरले. बटणं दाबा, हॅण्डल ओढा, बेरीज तयार! ती घ्यावी की नाही, हे पाहून सांगायचं काम व्यापाऱ्यांनी माझ्यावर टाकलं. शिक्षण चौथी, पण माल आणि माणूस दोन्ही पारखतो, अशी आपली ख्याती!

पहिल्याच दिवशी प्रधान कानाशी लागले, "शेटजी, या दौऱ्यात एक तरी मशीन खपली पाहिजे. नाहीतर माझी नोकरी गेली."

मशीन मी तेव्हाच पास केली. नापास होत होते ते प्रधान!

*

अकोल्यात जठारपेठेतला शो. आल्याबरोबर चहा-चिवडा. चिवडा संपला, तसा हॉलही रिकामा!

मी म्हटलं, "अहो, चहा शेवटी ठेवत जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा शेवटी ठेवला. लोकही शेवटीच आले!

*

आमच्यातले सगळ्यात जुने व्यापारी बापूसाहेब. त्यांनी विचारलं, "ही मशीन कधी चुकते काय?"

"कधीच नाही! गॅरंटी!"

"अन् चुकलीच, तं शिव्या कोनाले द्याच्या? मुनिमाले निदान ऐकू तरी येते!"

*

प्रधान रंगात आले होते. "ही थकत नाही, रजा मागत नाही, दुकानात गप्पा मारत बसत नाही!"

कापडवाले उस्मानभाई उठून उभे राहिले. "तो गिराहक को 'आइए, बैठिए' कौन बोलेगा?"

*

एक मशीन ट्रायलसाठी माझ्या दुकानी ठेवली. नवी वस्तू म्हणून मुनिमांनी हळदकुंकू वाहून वर नारळ फोडला. पाणी थेट आत! साताचं बटण बसलं, ते उठेचना. प्रधान रडकुंडीला.

मी म्हटलं, "कावून घाबरता? सात सोडून धंदा करू!"

*

शेवटचा शो अमरावतीत. कंपनीचे मोठे साहेब स्वतः मुंबईहून आले. प्रधानांनी अजून एकही मशीन विकली नव्हती. चेहरा पांढराफटक!

आता, आमच्या बाजाराची एक रीत आहे. मोठा सौदा आम्ही तोंडानं करत नाही. दोघं उपरण्याखाली हात घालतात. घेणारा बोटं धरून भाव सांगतो. पटला, की देणारा हात घट्ट दाबतो. एकदा दाबला की सौदा पक्का, मग माघार नाही. आजूबाजूच्यांना काय कळायचं ते टाळीनंतर!

साहेब हॉलमध्ये शिरले आणि पुढंच बसलेल्या बापूसाहेबांसमोर त्यांनी शेकहॅण्डला हात केला. बापूंनी झटकन त्यावर उपरणं टाकलं आणि खाली निम्म्या किमतीची बोटं धरली.

साहेबांना वाटलं, वऱ्हाडात पाहुण्याचं स्वागत असंच करतात. ते भारावले. दुसराही हात उपरण्याखाली घालून त्यांनी बापूंचा हात असा काही दाबला, की बापू कळवळले!

"झाला सौदा!" बापू गरजले. हॉलभर टाळ्या!

साहेब हसतमुखानं प्रधानांकडं वळले. "काय म्हणतायत?"

प्रधानांनी कपाळावरचा घाम पुसला. "मशीन विकली गेली, साहेब. तुम्ही विकलीत."