अक्का अडली की चूक आपली

ऑफिसात ज्याला सगळे वजाबाकी म्हणत, त्याची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी मरता मरता वाचलो. कंपनीत सूचना लिहायच्या कामावर मी नुकताच लागलो होतो. आमचं टूल इन्स्टॉल कसं करायचं यावर एकोणीस पानं लिहून, छापून, टाचून, नवरदेवासारखा मिरवत मी त्याच्या टेबलापाशी गेलो. त्याने तो गठ्ठा हातावर तोलला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या सात पिढ्यांना एकदम ठसका लागला असेल.

"लेखकमहाशय, यातली अठरा पानं जास्त आहेत."

"आणि एकोणिसावं?"

"त्यावर एक ओळ पुरे."

प्रोग्रॅमर लोकांसाठीचं टूल होतं ते. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर कमांड टाइप केली की कामाला लागायचं. पण त्याच्याआधी आणखी सात गोष्टी इन्स्टॉल कराव्या लागत, आणि त्यातल्या दोघींचं सख्ख्या जावांसारखं एकमेकींशी पटत नसे. नव्या माणसाचा पहिला दिवस त्या भांडणातच जाई. वजाबाकीचं काम एकच, यातलं जे काढता येईल ते काढणं. नाव त्यावरूनच पडलेलं.

काढलेलं बरोबर की चूक, हे ठरवायची अक्का. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तीस वर्षं कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवून निवृत्त झालेली. दर शनिवारी तो एक कोरा कॉम्प्युटर तिच्यापुढे ठेवी, हातात सूचनांचा कागद देई आणि स्वतः मागे वेताच्या खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसे. बोलायची बंदी. ती जिथे अडेल तिथे चूक आपली, हा त्याचा कायदा.

एकदा पडद्यावर प्रश्न आला, 'पुढे जाऊ का?' अक्का मांडीवर हात ठेवून अकरा मिनिटं बसून राहिली.

"का थांबलीस, अक्का?" शेवटी त्यानेच कायदा मोडला.

"ते विचारतंय ना."

"मग हो म्हणायचं."

"मी कोण हो म्हणणारी? यंत्र तुझं, काम तुझं. घरच्या माणसाला विचारू दे की."

सोमवारी त्याने तो प्रश्न काढून टाकला. प्रोग्रॅमर कुरकुरले. "पाहुण्याला आपणच बोलावलंय," तो म्हणाला, "मग दारात अडवून आत येऊ का म्हणून विचारायला का लावायचं?"

पहिल्या शनिवारी अक्का नऊ ठिकाणी अडली होती. त्या नऊ अडचणींच्या चार झाल्या आणि त्याच सुमारास अक्काला अक्षरांच्या मधोमध डाग दिसू लागला. डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, वाचता येईल ते फार तर सहा महिने. त्या दिवसापासून वजाबाकी ऑफिसात कोणाशी धड बोलेना. मी म्हटलं, "अक्कांच्या जागी मी बसतो."

"तुम्ही अडलात की लाजता आणि अंदाजाने पुढे ढकलता. शेजारच्या वहिनींना बसवलं, तर त्या माझं मन राखायला सोपं आहे म्हणाल्या. अक्का ना लाजते, ना मन राखते."

ते खरंच होतं. चार अडचणींची एक व्हायला पाच महिने लागले, आणि दर शनिवारी अक्का त्याला ऐकवायची, "मेल्या, डोळे आहेत तोवर एकदा तरी मला पास कर."

शेवटच्या शनिवारी मी तिथे होतो. कागदावर जाड पेनाने, बोटभर उंच अक्षरांत एकच ओळ लिहिलेली. अक्काने कागद नाकाशी नेला, एक अक्षर पाहिलं, टाइप केलं, पुन्हा कागद नाकाशी. सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरून. ओळ संपायला सहा मिनिटं लागली. मग पडद्यावर मजकूर भराभर सरकला आणि थांबला. शेवटी फक्त 'तयार' एवढंच होतं. काही विचारलं नाही, कुठे अडलं नाही.

"आता काय करू?" तिने विचारलं.

"काही नाही. झालं."

"एवढंच? मग इतके शनिवार मला कशाला छळलंस रे?"

वजाबाकी हसला नाही. त्याने हात मांड्यांखालून काढले. त्यांवर वेताची जाळी उमटली होती आणि ते इतके बधिर झाले होते, की नोंद करायला पेन उचलेना. "लेखकमहाशय, लिहा," तो म्हणाला. "अक्का अडली नाही." मी तारीख घालून लिहिलं. अक्काने तो कागद मागून घेतला, डोळ्यांशी नेऊन बराच वेळ धरला आणि त्याची घडी केली.

तीन आठवड्यांनी तिला अक्षरं दिसायची थांबली. टूल ठरल्या दिवशी बाहेर पडलं आणि इन्स्टॉल होत नाही म्हणून एकाही प्रोग्रॅमरची तक्रार आली नाही. पुढच्या वर्षी, वापरणारे फार थोडे आहेत म्हणून, कंपनीने ते बंद केलं.