पितृपक्षातलं हळदीकुंकू

शालूताई गेल्याची बातमी जुलैतल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका गारठलेल्या सकाळी फोनवर आली, तीही जोडलेल्या हातांच्या चित्रांमागे दडून. खाली शोकसभेचं निमंत्रण. त्यात वक्त्यांची नावं ठळक, ताईंचं बारीक. तेव्हापासून त्यांना ‘मातृतुल्य’, ‘सेवामूर्ती’ आणि एकदा तर ‘साक्षात अन्नपूर्णा’ म्हटलेलं मी ऐकलं. ताईंच्या हातचं वरण मी खाल्लंय; अन्नपूर्णेनं अब्रुनुकसानीचा दावा लावला असता. म्हणून आपलं जेवढं पाहिलं तेवढं लिहिते.

दक्षिण गोलार्धातल्या अप्पर हट ह्या शहरात आमची ओळख २०१२ साली झाली. त्या सांगलीच्या, हॉस्पिटलात नर्स, घरात मोठा देव्हारा, पंचांग तोंडपाठ. मी ग्रंथालयात नोकरी करणारी, घटस्फोटित, देवाशी अबोला धरलेली. तरी पहिल्याच भेटीत त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या कर्मठ बाईला माझ्या कपाळाशी काय काम? शिवाय सगळ्यांचं हळदीकुंकू रथसप्तमीला, फार तर अक्षय्य तृतीयेला संपतं, ह्यांचं जून महिन्यातही चालूच. इथल्या मराठी मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहणार, असं मी धरून चालले. मतं गोळा करायला वाटीभर हरभऱ्यांपेक्षा स्वस्त काय असतं?

मग मी त्यांच्या हातांवर नजर ठेवू लागले. कुंकू त्या भराभर लावत, अत्तर मात्र सावकाश. प्रत्येकीचा हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, “अगं, बाही वर सरकव, अत्तराचा डाग जात नाही.” एखादी बाही वर करायला का-कू करू लागली की ताई काहीच विचारत नसत. तिला प्रसादाचे डबे भरायला आत बोलवत. ती बाहेर यायची ती कधी कधी रडलेली...

“तुम्ही तपासणी करता,” मी एकदा म्हटलं.

“नर्स आहे मी. तुला काय वाटलं, कीर्तनकार आहे?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मदत मागायला जाते म्हटलं तर नवरा दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही गं. देवाचं काम म्हटलं की स्वतः गाडीनं आणून सोडतो. वर प्रसाद मागतो.”

माझा संशय खरा होता तर. फक्त गुन्हा वेगळा निघाला. जवळच्या चर्चमध्ये घरी मार खाणाऱ्या बायकांसाठी मार्गारेट नावाची बाई एक गट चालवायची. तिची आणि ताईंची गट्टी होती. एकीचा येशू, एकीचा गणपती. फोनवर प्रश्न मात्र एकच, ही आज कुठे झोपणार? ताई मंडळातही विषय काढत. अध्यक्ष म्हणत, “ताई, घरातलं घरात राहू द्या. आपण गणपतीचं बोलू.” ताई म्हणाल्या, “गणपती घरातच बसवता ना? मग त्याला दिसत असेल की.”

त्याच दरम्यान ताईंच्या स्वयंपाकघरात मला मृदुला भेटली. हे तिचं खरं नाव नव्हे. तिचा नवरा ऑफिसातल्या मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जाऊ लागला होता आणि आता त्याला स्वतःची रायफल हवी होती. इथे परवान्याआधी पोलीस घरी येऊन बायकोशीही बोलतात. ह्याच्याकडे बंदूक असली तर तुम्हाला भीती वाटेल का, विचारतात. “तो शेजारच्या खोलीत बसणार,” मृदुला म्हणाली. “मी काय सांगणार? भीती नाही म्हटलं तर बंदूक येईल. वाटते म्हटलं तर त्याला बंदुकीचीही गरज उरणार नाही.”

पुढच्याच आठवड्यात ताईंचं निमंत्रण आलं. हळदीकुंकू, ऐन पितृपक्षात! बायकांनी एकमेकींना फोन केले. “ताईंना विसरायला होतंय का गं?” मला नाही तसं वाटलं. ज्या बाईला चतुर्थीचा चंद्रोदय पाठ, ती पितृपक्ष विसरत नाही. मी तासभर आधीच जाऊन बसले.

पाहुण्यांत एक गोरी बाई होती, बूट दारात काढून सतरंजीवर मांडी घातलेली. “किया ओरा,” तिनं इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत नमस्कार केला. कपाळावर कुंकू, हाताला अत्तर. मार्गारेटनं सांगून ठेवलेली ती परवान्याची चौकशी करणारी पोलीस खात्यातली बाई. मृदुलाला दारात पोचवून तिचा नवरा गेल्यावर त्या दोघी आतल्या खोलीत गेल्या, ताईंनी दार ओढून घेतलं आणि आम्हाला म्हणाल्या, “आरत्या म्हणा. मोठ्यानं.” तो लवकर परतला, तरी त्याला रस्त्यावरून फक्त आरती ऐकू यायला हवी होती. मीही म्हटली. चाल चुकली, पण आवाज लागला.

तो न्यायला आला. प्रसाद घेऊन गेला.

“त्याला पंचांग कळत नाही ते बरं,” ताई म्हणाल्या. “नाहीतर पहिली शंका त्यालाच आली असती.”

परवाना मिळाला नाही. काही महिन्यांनी मृदुलाही त्या घरात राहिली नाही. २०१९च्या मार्चमध्ये मशिदींत गोळीबार झाला, त्यानंतर देशात सगळेच बंदुकीबद्दल बोलू लागले, आमच्या अध्यक्षांनीही मेणबत्त्या लावून भाषण केलं. आजारी ताई मागच्या रांगेत होत्या. “चला, उशिरा का होईना,” एवढंच म्हणाल्या.

शोकसभेत मृदुलाचा तो नवराही होता. फुलं वाहून झाल्यावर चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आला. “अहो, त्या हळदीकुंकवाला तुम्हीही होता ना? तिथेच कुणीतरी तिचे कान भरले. शालूताईच ना?” नुकत्याच जोडलेल्या हातांनी तो कप ढवळत होता.

“अत्तर छान होतं,” मी म्हटलं. “बाकी नाही आठवत.”

त्या संध्याकाळी मृदुलाला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही लिहा. माझ्याकडे आता कोर्टाचा मनाई हुकूम आहे, मला भीती नाही. पण नीट लिहा. ‘मला भीती वाटते’ हे मी सांगितलं, मी स्वतः. ताईंनी कान भरले नाहीत... नुसतं दार ओढून घेतलं.”

तर हे नीट लिहिलं आहे.

अत्तराची कुपी ताईंच्या मुलीनं मला दिली. गेल्या रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू झालं. निमित्त कसलं, कुणी विचारलं नाही. बहुधा माझ्यावरही आता संशय असेल. एका नव्या मुलीनं हात पुढे केला, बाही मनगटाशी मुठीत घट्ट धरून. मी कुपीचं बूच लावलं आणि म्हटलं, “अगं, मला जरा डबे भरायला मदत करतेस? ये आत.”