तार लावून राह्यलो

सुधाकरदादा गेला म्हटलं की लोक आधी हेच विचारतात, "वाघानं?"

नाई. मलेरियानं. मेंदूत चढला. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यानं आम्हाला ओळखणं बंद केलं होतं.

आज वर्ष झालं.

जन्मभर वाघाला भ्याला आणि मच्छरानं नेला. माझा मोठा भाऊ स्वतः यावर हसला असता. मला हसू येत नाही. एसटीत बसून हे टाइप करतेय. सकाळी काय झालं ते सांगते.

आमच्याकडे मोहफूल वेचायला उजाडता उजाडता जावं लागतं. बाया वाकून वेचतात, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं म्हणे. म्हणून एक जण झाडाखाली बसून डबा बडवत राहतो.

दादा भद्रावतीला ठेकेदाराकडे कामाला होता. तिथल्या कॉलनीतून कोणाची तरी जुनी गिटार घेऊन आला आणि डब्याच्या जागी तीच वाजवायला लागला. बाया आधी हसल्या, मग त्यांना सवय झाली.

नियम एकच. गिटार वाजतेय तोवर वेचा. थांबली की सगळं टाकून झाडाखाली या.

मी म्हटलं, "मोबाइलवर गाणं लाव ना. हात तरी नाई दुखणार."

"येडी आहेस का? वाघानं मले नेलं तरी गाणं सुरूच राहीन. बाया वेचत बसतीन."

मग मलाही शिकायची हौस आली. व्हिडिओ बघून दोन कॉर्ड बसवल्या, बोटांनी तारा दाबून सगळ्या एकदम वाजवायच्या. एक दिवस दादानं गिटार माझ्या हातात दिली.

पहिली कॉर्ड मस्त वाजली. दुसरीवर बोटं ठेवायला मला जो वेळ लागला, तेवढ्यात शेजारची मंदाकाकू टोपली फेकून पळत आली. तिच्यामागे सगळ्या. काकूचा गुडघा फुटला.

"काय झालं?"

"काही नाई काकू. कॉर्ड बदलत होती."

"तुह्या कॉर्डीले आग लागो. घरी बदलव."

त्या दिवशी घरी आल्यावर दादानं गिटारच्या तीन तारा ढिल्या केल्या. जाड दोन आणि सगळ्यात पातळ एक.

"आता बोटच ठेवू नको. नुसता हात फिरव."

फिरवला. एक बोट न लावता भरलेली कॉर्ड वाजली. मध्ये थांबायचं कामच नाही.

"याले ओपन ट्यूनिंग म्हणते. तुह्यासारख्या आळशी पोट्टीसाठी."

तोवर मला वाटायचं, ट्यूनिंग एकच असतं, दुकानातून येतं तसं. वर खुंट्या पिळायची जाम भीती. तार तुटून डोळ्यात जाईल असं वाटायचं, म्हणून डोळे मिटून पिळायचे. दादा म्हणायचा, "डोळे काऊन मिटून राह्यली? कान उघड."

ऊन वर आलं की तारा उतरतात. तेव्हा त्या परत सुरात लावायला त्यालाही थांबावं लागायचं. पण थांबायच्या आधी तो मोठ्यानं ओरडायचा,

"तार लावून राह्यलो वो!"

मग कोणी पळायचं नाही. आमची आई तर मानही वर करायची नाही.

यंदा गिटार माझ्याकडे आली. खरं सांगते, मला नको होती. पण आई मोहाला जाणारच, आणि डबा वाजवू म्हटलं तर म्हणते, डब्यानं डोकं दुखते.

आज सकाळी नाल्याच्या बाजूला वानरं खाकरायला लागली. वानर उगाच खाकरत नाही, वाघाची चाहूल लागली की खाकरतं. नेमकी तेव्हाच पातळ तार बेसूर झालेली. मी घाबरले आणि कोणाला न सांगताच खुंटी पिळली. जास्त पिळली.

तार तुटली. मनगटावर फटका बसला. गिटार थांबली.

सगळ्या पळत आल्या. मंदाकाकूनं एकेकीकडे पाहिलं.

आई नव्हती.

मला हाक मारता येईना. वानरं सुरूच.

काकूनं माझा दंड धरला. "वाजव. वाजवत चाल."

उरलेल्या पाच तारांवर हात फिरवला. कॉर्ड वाजली, थोडी बोडकी, पण वाजली. आम्ही एकमेकींना धरून नाल्याकडे निघालो. माझ्या मनात एकच होतं, आईची चप्पल दिसू नये. नुसती चप्पल दिसू नये.

आई दुसऱ्या मोहाच्या मागे होती. वाकून वेचत होती. टोपली भरत आली होती.

काकू तिच्यावर खेकसली. "गिटार बंद झाली ते ऐकू नाई आलं का वो बाई? काऊन नाई आली?"

आईनं मान वर न करताच सांगितलं,

"आलं ना ऐकू. म्हटलं, सुधाकर तार लावून राह्यला असन."

मग तिचा हात थांबला.

काकूनं तिची टोपली उचलली. आईनं माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि घर येईपर्यंत मी हात थांबवला नाही.

नाल्यात वाघ होता की नव्हता, माहीत नाही. बघायला कोणी गेलं नाही.

आता नवी तार आणायला चंद्रपूरला चालले आहे. आई म्हणते, उद्याही जाणार. मला भीती वाटते दादा. वाघाची वाटते, आणि आईची त्याहून जास्त वाटते. उद्या थांबायच्या आधी ओरडून सांगीन. सकाळी चुकलं, परत चुकणार नाही.

तू तर दर वेळी सांगायचास.

त्या एका वेळी मात्र न सांगता थांबलास, आणि आई तिथंच वेचत बसली आहे.

सुधाकरदादा, तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार.